भायरचां भायर

२२ सप्टेंबर, रविवार

घर झकास आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझा स्वभाव बघता पुढे चांगलं लिहायला जागा उरणार नाही. काल आम्ही अंधेरीहून मुलुंडला राहायला आलो. पितृपक्षात कुणी घर बदलतं का, म्हणून सासूबाईंनी हिंगणघाटहून फोनवर सुस्कारे टाकले. मी सांगितलं, अंधेरीच्या घराचा करार संपला, तो पितरांना विचारून संपला नाही. सुबोध आतल्या खोलीत जाऊन हसला. माझा नवरा हसायलाही आत जातो, इतका सज्जन.

बाल्कनीतून मागचा डोंगर दिसतो. याच डोंगराच्या पायथ्याशी, वाडीत, मी जन्मले. बाबा गिरणीत होते, कुडाळहून आलेले; गिरणी बंद पडली तरी आम्ही वाडीतच राहिलो. लग्नापर्यंत मी मुलुंड सोडलं नाही. आता वाडीच्या जागी हा टॉवर आहे. नाव 'वनश्री हाइट्स'. वन तोडलं आणि श्री बिल्डरने नेली. लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाने मला विचारलं, नवीन का? नवीन म्हणे. यांची लिफ्ट जिथे थांबते तिथे आमचा नळ होता, आणि त्या नळावर मी यांच्यापेक्षा मोठ्या बायकांशी भांडलेय.

मी मेडिक्लेमच्या फायली तपासते, घरी बसून. लोक किती खोटं बोलतात हे शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे कुणावर विश्वास न ठेवणं ही माझी खोड नाही, नोकरी आहे.

डोंगराची ही बाजू राखीव आहे. तिथे घाणेरी माजलीय आणि दर रविवारी सकाळी सोसायटीतली माणसं ती काढायला जातात. सुबोधने सामान लावायच्या आधी त्यात नाव देऊन टाकलं. अजून कुकर सापडलेला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

गेले. नवऱ्याला साप चावू नये म्हणून गेले, समाजसेवेसाठी नाही.

गटाचं नाव 'आपला डोंगर'. गटात एक माणूस इथला असेल तर शपथ. म्होरक्याला सगळे भाऊ म्हणतात. बँकेतून निवृत्त, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, मानेवर पडदा सोडलेली टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, झाडं पळून जातात का, असं मी विचारलं तर सुबोधने मला कोपरखळी मारली. मग रतन म्हणून एक राजकोटचे कापडवाले, सोबत कुकी नावाची लॅब्रॉडॉर. कुत्रीला पाण्याची वेगळी बाटली. बाकी तरुण मंडळी हातात कोयता धरून फोटो काढतात, मग कोयता ठेवून फोटो बघतात.

घाणेरी म्हणजे काय ते भाऊंनी आम्हाला समजावलं. जणू आम्ही लहानपणी तिची काळी फळं खाऊन जिभा रंगवल्याच नव्हत्या. साहेबाने बागेत शोभेला आणली, बागेतून निसटली, आता खाली आपलं काही उगवू देत नाही, वगैरे. वरून छाटली तर दुप्पट येते. म्हणून कुदळीने जमिनीखाली मूळ तोडायचं, अख्खं झुडूप उपटायचं आणि उलटं करून ठेवायचं. डोकं खाली, मुळं आभाळाकडे. सुलटं राहिलं तर पुन्हा रुजतं. आम्ही निघालो तेव्हा अर्धा उतार मुळं वर करून उभा होता. ओंगळ दिसत होतं.

खरी करमणूक मात्र कामाच्या आधीची. भाऊ मूळचे मालवणचे, त्यामुळे ते डोंगराच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने हात जोडून देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण त्याआधी नव्या माणसाने आपलं नाव आणि मूळ गाव डोंगराला मोठ्याने सांगायचं. रतनभाईंनी आपल्या वेळेला कुत्रीचंही सांगितलं होतं म्हणे, कुकी, मूळची लंडनची. ते आठवून सगळे अजून हसतात. विनोदाची किती टंचाई असावी. सुबोधने इमानदारीत हिंगणघाट सांगितलं. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, मी श्वेता, मूळची इथली, तुम्ही सगळे यायच्या आधीची. भाऊंना ते झोंबलं, आणि मला बरं वाटलं.

मग भाऊंनी आवाज लावला. 'बा राखणदारा म्हाराजा, ह्या डोंगरापासून खाडीपर्यंत जां काय भायरचां आसात तां मुळासकट भायर घाल, आणि जां आपलां आसात तां घट धरून ठेव रे म्हाराजा.' आणि राजकोट, कोइंबतूर, पुणे, हिंगणघाट सगळे एका सुरात ओरडले, व्हय म्हाराजा. माझ्या माहेरी मालवणी बोलतात. हे गाऱ्हाणं कुठल्या देवळातलं नाही, भाऊंनी घरी चहा पिता पिता जुळवलेलं आहे, हे मला पहिल्या शब्दाला कळलं. हसू दाबता दाबता मीही व्हय म्हणाले.

६ ऑक्टोबर, रविवार

आज काम नव्हतंच. आम्ही वर पोचलो तर गेल्या वेळी सोडलेला उतार आधीच साफ. एकूणएक घाणेरी उपटलेली, उलटी, मुळं धुतल्यासारखी पांढरी. आपला कुडा, करवंद, सगळं जागच्या जागी, त्यांचं पानही हललेलं नाही. माणसांनी केलं असतं तर निम्मं करवंद तुडवलं असतं.

भाऊंनी छाती काढून सांगितलं की दुसऱ्या कुठल्या गटाने आपली प्रेरणा घेतली असणार. मी विचारलं, प्रेरणा घेऊन गेले ते पायांचे ठसे ठेवून गेले नाहीत का? भाऊ म्हणाले, श्वेताताई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. दिसते. त्याचेच पैसे मिळतात.

पुन्हा गाऱ्हाणं झालं. साफ उतारासमोर उभं राहून तेच मागणं. वर सामोसे.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बाल्कनीत गेले तर कुंड्या पालथ्या. पालथ्या म्हणजे पडलेल्या नाहीत. मनी प्लांट, बोगनवेल, ते सुबोधने कौतुकाने आणलेलं कसलंसं पाम, सगळ्यांना बाहेर काढून त्याच कुंडीत डोक्यावर रोवलंय. मुळं वर. तुळस तेवढी शाबूत.

सुबोध म्हणाला, कबुतरं. मी म्हटलं, कबुतरांना तुळस ओळखता येते का रे? मग म्हणाला, तूच रागाच्या भरात केलं नसशील ना. तीन दिवस बोलणार नाही त्याच्याशी. झाडं फेकून दिली.

१३ ऑक्टोबर, रविवार

कुकी मेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असं लिहायला नको वाटतं, पण कुत्री बिचारी भाऊंपेक्षा शहाणी होती. काल संध्याकाळी साखळी सोडवून डोंगराकडे पळाली. आज आम्ही वर गेलो तर घाणेरी उपटलेल्या एका खड्ड्यात ती डोक्यावर उभी होती. मान खड्ड्यात, भोवतीची माती दाबून बसवलेली, चारी पाय वर. तळवे स्वच्छ. रतनभाई मातीत बसून रडले. ते राजकोटी धीराचे शेठ, लहान मुलासारखे रडले, आणि मला त्यांच्यावर केलेले सगळे विनोद घशाशी आले.

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून बिबट्या चाललाय. बिबट्या खातो. तो कुत्र्याची लागवड करत नाही. हे लिहिलं तर सेक्रेटरीने मला वातावरण बिघडवू नका म्हणून सुनावलं.

जुन्या वाडीतली गावठी कुत्री, डोंगरावरच लोळणारी, सगळी ठणठणीत आहेत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रतनभाई लिफ्टमध्ये भेटले. भिंतीला धरून उभे होते. म्हणाले, पाय जमिनीला लागल्यासारखेच वाटत नाहीत, तळवे बधिर झालेत, घोट्याखाली कुणी कापून नेल्यासारखं. मी म्हटलं साखर तपासा. अशा शंभर फायली रोज बघते, मधुमेह लपवलेल्या. तपासली म्हणाले, साखर नाही.

मला ते खोटं वाटलं. मनात क्लेम नामंजूर करून टाकला.

२० ऑक्टोबर, रविवार

रतनभाई गेले. कुकीच्या शेजारच्या खड्ड्यात. तसेच.

पोलिसांनी तोल जाऊन पडले असं लिहून घेतलं. मधुमेह होता का, विचारलं. भाऊंनी आज शिट्टी वाजवली नाही, गाऱ्हाणंही घातलं नाही. तरीही परत निघताना वरच्या अंगाला नवीन उतार साफ झालेला दिसला. सोसायटीने पर्यटकांसाठी ठेवलेला बाक पाय वर करून उभा होता.

सुबोधला मी सांगितलं, डोंगर बंद. तो म्हणाला, तू सुद्धा असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला लागलीस? माझीच वाक्यं, माझ्याच सुरात. इतकी वर्षं माझं ऐकून तो एवढंच शिकला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊ आज घरी आले. जाकीट नाही, टोपी नाही, काठी टेकत. टोपीशिवाय ते साधे म्हातारे दिसतात. पंख्याखाली बसले आणि मालवणीत बोलायला लागले, सुबोधला कळू नये म्हणून.

त्यांचे तळवे बधिर झालेत. मंगळवारपासून.

मग जे सांगितलं त्यावर मला हसावं की त्यांना एक ठेवून द्यावी तेच कळेना. त्यांनी गाऱ्हाणं आयुष्यात कधी घातलेलं नाही. गावाला त्यांचे काका घालायचे, हे मागे उभं राहून व्हय म्हणायचे. काका एकेक गोष्ट नावाने सांगायचे: साप, पटकी, गुरांचा खुरकूत. देवाला नावाने सांगावं लागतं. भाऊंनीही आधी 'घाणेरी' असंच घातलं होतं. पण घाणेरी म्हणजे घाणेरडी ना. देवासमोर, चार बायकामाणसांत, असला शब्द उच्चारायला त्यांना बरं वाटेना. म्हणून सभ्यपणे 'भायरचां' केलं.

सभ्यपणे. एका शब्दाची लाज वाटली म्हणून. आणि वर प्रत्येकाला आपापलं मूळ गाव ओरडून सांगायला लावलं, म्हणजे राखणदाराला शोधायचे कष्टही नकोत.

मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. रविवारी गाऱ्हाणं परत घेऊ म्हणतात, नीट, नावानिशी, पण व्हय म्हणायला माणसं हवीत. ग्रुपवर मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ग्रुप सोडला. कुणी पुण्याला गेलं, कुणी कोइंबतूरला. त्यांना कळलंय तर. दर रविवारी सामोसे खाताना सगळ्यांना डोंगर आपला वाटत होता.

जे खाडीपलीकडे गेले ते बरे आहेत. एकीशी बोलले मी. ठाण्याच्या पुढे गेल्यावर पायांना मुंग्या आल्या आणि संपलं, म्हणाली.

२७ ऑक्टोबर, रविवार

भाऊ थांबले नाहीत. एकटेच वर गेले असावेत.

आम्ही दोघं गेलो तेव्हा उन्ह चांगलं वर आलं होतं. ते खड्ड्यात खांद्यापर्यंत. माती हाताने थापल्यासारखी. पँट गुडघ्यांवर घसरलेली, तळवे आभाळाकडे, बाळाच्या तळव्यांसारखे गुलाबी. जाकिटाच्या खिशांतून पडलेली शिट्टी, गोळ्या, कंगवा, पास, आजूबाजूला. गावठी कुत्री शेजारी सावलीत झोपली होती.

सुबोध उलटी करत होता. मी त्याच्या पायांकडे बघत होते. तो खडीवर अनवाणी उभा होता. चप्पल कुठे पडली ते त्याला कळलंच नव्हतं.

२७ ऑक्टोबर, दुपार

टाचणी टोचली. दोन्ही पायांना. रक्त आलं. तो टीव्ही बघत होता.

मी काय करतेय असं त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याला कळलंच नाही—

२८ ऑक्टोबर, सोमवार

तो मुलुंड सोडून यायला तयार नाही. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय म्हणे, शुक्रवारची. दिवाळीत आईकडे आजारपण घेऊन जायचं नाही म्हणे. माणूस इतका सज्जन असावा की मरतानाही अपॉइंटमेंट पाळावी.

एकटी वर गेले. गाऱ्हाणं घातलं. लाज सोडून, मोठ्याने. घाणेरी म्हणाले, दहा वेळा म्हणाले. सुबोध माझा आसा, माझा तां तुझां, त्याका सोड रे म्हाराजा. मागे व्हय म्हणायला कुणी नव्हतं.

निघताना पाऊल उचलायला जड गेलं. माती धरत होती. चिखल म्हणावा तर गेले कित्येक दिवस पाऊस नाही. पण वाईट नाही वाटलं, खरं सांगते. लहानपणी आई ओल्या पदराने तळवे पुसायची तसं—

असो. घाई आहे. बॅगा.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

तो बाथरूममध्ये पडला. डोकं फरशीला लागलेलं, पाय भिंतीवर. वर सरकत होते. मी धरले. ओढले. मला हिसके बसत होते, त्याला काहीच—

सुबोध रडला. येतो म्हणाला. पहिल्यांदा मला विचारलं, मी मरणार का गं? मी म्हटलं मूर्खासारखं बोलू नकोस, गाडी बोलावलीय. माझ्या आवाजात नेहमीचा तिरसटपणा होता. त्याला तेवढ्याने धीर आला.

खाडीपर्यंत म्हणाले होते भाऊ. खाडीपर्यंत. ऐरोलीचा पूल इथून किती, हाकेवर. त्याला पलीकडे काढायचं. बस्स. मला काही नाही झालेलं, मी इथली.

२९ ऑक्टोबर, गाडीत

टोल बंद झाला तरी नाक्यावर सगळं तुंबलंय. धनत्रयोदशी. लोक सोनं आणायला चाललेत. सुबोधला सीटबेल्ट घट्ट केलाय, माझी ओढणीही बांधलीय त्यावरून. पाय माझ्या मांडीखाली दाबून धरलेत. वर येतात. बसले आहे त्यांच्यावर. ड्रायव्हर आरशातून बघतोय. बघू दे.

हललो.

—

पुलावर आलो. खाली पाणी. सुबोध म्हणाला मुंग्या. मुंग्या येताहेत, गुदगुल्या होताहेत, म्हणाला. पाय उतरले. स्वतःहून खाली. अंगठा हलवून दाखवला मला. हसला, आत न जाता. आणि डोकं काचेला टेकून झोपला, किती दिवसांनी.

सुटला. सुटला माझा माणूस.

—

ड्रायव्हर कुरकुरतोय, गाडी ओढत नाही म्हणतो. ब्रेक धरलाय का कुठे. नवीन गाडी आहे म्हणतो.

माझे पाय उचलत नाहीत.

चप्पल फाटली. तळवा गाडीच्या पत्र्याला— नाही, पत्र्यातून. खाली काहीतरी ताणलंय, मागे, डोंगराकडे. धरलंय. मला उलटं नाही करायचं त्याला. मी आपलां ना, मला घट धरून ठेवायचंय त्याला.

दुखतंय. आई गं.

ओरडले तर सुबोध उठेल. उठला तर गाडी मागे वळवेल, मला सोडणार नाही तो, तेवढा मूर्ख आहे. मागे वळला की पुन्हा हद्दीत. म्हणून लिहितेय. लिहीत राहिले की तोंड बंद राहतं. पूल संपेपर्यंत. अजून थोडा. ड्रायव्हर गिअर बदलतोय, जोर लावतोय, लाव बाबा, थांबू नकोस, थांबू—

ती ओढ घोट्यापर्यंत आलीय. सुबोध झोपलाय. तोंड उघडं टाकून, नेहमीसारखा, घोरतोय. पलीकडचे दिवे दिसायला लागले. अजून थोडा, मी बोलणार नाही, मी एक शब्दही